राखीव

अमेरिकेच्या पश्चिमेकडचे नदीतंटे मराठीत सांगायला बसलो की ‘राखीव पाणीहक्क’ हे शब्द हाताखाली सहज येतात. पण ‘राखीव’ म्हणजे कोणी राखलेले, आणि कोणासाठी?

आधी ‘हक्क’. शब्द अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. अरबीत तो सत्यालाही लावतात. हिब्रूतले भावंड पाहिले तर मुळात ‘कोरणे’ हा अर्थ असावा. दगडावर कोरले ते पक्के. या पाण्याबद्दल मात्र काहीच कोरलेले नव्हते. १८८८ साली मोंटानात ग्रो व्हॉन्त्र आणि असिनिबोइन या आदिवासी लोकांसाठी फोर्ट बेलनॅपचा राखीव प्रदेश कराराने ठरला. हद्दीला मिल्क नदी, म्हणजे दुधी नदीच. गढूळ पाण्याच्या रंगावरून तिला हे नाव पडले. करारात पाण्याचा शब्द नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पाणी वळवले, तंटा उभा राहिला आणि १९०८ साली विंटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानले, की जमीन राखली तेव्हाच ती पिकवायला लागेल इतके पाणीही राखले गेले.

‘राखणे’ म्हणजे संस्कृत रक्ष्, प्राकृत रक्ख. ग्रीकमधल्या ‘संकट परतवणे’ या अर्थाच्या धातूशी रक्ष्-चे नाते दिसते. तोच धातू अलेक्झांडरच्या नावात आहे, आणि फारसीने त्या नावाचा सिकंदर केला. म्हणजे आपला गुराखी आणि सिकंदर एका मुळाचे! गुराखी म्हणजे गुरे राखणारा, बहुधा दुसऱ्याची. चितेच्या राखेला आपण ‘रक्षा’ म्हणतो, तीही याच घरातली असावी.

‘कोरीव’, ‘घडीव’, ‘आखीव’ यांतला ‘ईव’ काम झाल्याचे सांगतो, करणाऱ्याचे नाव सांगत नाही. ‘राखीव’ही तसेच. एसटीच्या बाकावरचे ‘महिलांसाठी राखीव’ वाचताना राखणारे महामंडळ आपण गृहीत धरतो. ‘रिझर्व्ह्ड’ या इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ मात्र ‘मागे ठेवणे’ असे आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. १९०५ च्या वायनन्स खटल्यात न्यायालयाने म्हटलेच होते, की करार म्हणजे आदिवासींना दिलेले दान नव्हे. दिले त्यांनीच, आणि जे दिले नाही ते त्यांच्याकडे राहिले. मराठी ‘राखीव’मध्ये हा अर्थ झाकला जातो. ‘राखून ठेवलेले’ म्हटले तर निदान थोडा उजेड पडतो.

स्थानिक पाणीपुरवठ्याला हा शब्द भिडतो तो इथेच. त्या मुलखात पाणी आधी वापरणाऱ्याचा हक्क आधी, आणि वापर सोडला तर हक्क जातो. राखलेला हक्क मात्र न वापरताही शाबूत राहतो आणि त्याची तारीख राखीव प्रदेशाच्या स्थापनेची धरतात. त्यामुळे दुष्काळात पिढ्यान्‌पिढ्या पाट चालवणाऱ्या शेतकऱ्याची पाळी मागे पडू शकते, आणि हक्काचे माप ठरेपर्यंत शहराला आपल्या वाट्याचा भरवसा नसतो. याच राखलेल्या हक्काच्या तत्त्वाने १९७६ साली नेवाडातल्या डेव्हिल्स होल या कुंडातल्या बोटाच्या पेराएवढ्या माशांसाठी शेजारच्या जनावरांच्या फार्मच्या विहिरींचा उपसा आवरावा लागला.

एका प्रवाहावर पाणी भरणाऱ्यांना लॅटिनमध्ये ‘रिवालिस’ म्हणत. त्यातून इंग्रजीचा प्रतिस्पर्धी, ‘रायव्हल’, निघाला. आपल्याकडेही असेच वळण आहे. वैदिक ‘भ्रातृव्य’ मुळात चुलतभाऊ असावा. पुढे तो शत्रू झाला. ‘भाऊबंद’ला ‘की’ जोडली की भांडण सुरू. वाटणीची वस्तू जवळची असली की शब्द असे फिरत असावेत.

राखणाऱ्याकडे पुन्हा वळू. हे पाणी केंद्र सरकार आदिवासींसाठी विश्वस्त म्हणून सांभाळते, असे मानतात. नवाहो या आदिवासी राष्ट्राने मागितले, की आमची पाण्याची गरज तपासा आणि ते मिळवून देण्याची योजना करा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की १८६८ चा करार सरकारवर असे कर्तव्य घालत नाही. आपला गुराखी उन्हे चढली की गुरे पाण्यावर नेतो. ते राखण्यातच आले. नवाहो प्रदेशातल्या कित्येक घरांत अजून नळ नाही. माणसे गाडीत पिंपे घालून लांबून पाणी आणतात.