म्हातारे न झालेले कवी

'कविता ही तरुणपणातच होते' असं आपण सहज म्हणून जातो. उदाहरणंही तोंडावर असतात. केशवसुत १९०५ साली गेले, चाळिशी गाठण्याआधीच. बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडले, वय २७. पुढच्याच वर्षी गडकरी सावनेरला क्षयाने गेले, वय ३३. पण जरा थांबून बघू. ही माणसं म्हातारी झालीच नाहीत. मग त्यांच्यावरून म्हातारपणाचा निकाल आपण कसा काय लावतो?

हीच गफलत मोठ्या अभ्यासातही झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हार्वी लेहमन यांनी १९५३ च्या पुस्तकात नामवंतांच्या कामगिरीची वयानुसार मोजदाद केली. भावकवितेचा बहर त्यांना पंचविशी-तिशीच्या आसपास दिसला. वेन डेनिस यांनी आक्षेप घेतला, की यात अल्पायुषी आणि दीर्घायुषी एकत्र मोजलेत. जो पस्तिशीत गेला त्याची साठीतली पाटी कोरी दिसणारच! मग १९६६ मध्ये डेनिस यांनी फक्त दीर्घायुषी माणसं घेतली. इतिहासकार, तत्त्वज्ञ यांचं लेखन साठीतही जोमात होतं. कलावंतांचं मात्र आधीच ओसरत गेलेलं. म्हणजे लवकर आलेल्या मरणाने सगळा उलगडा होत नाही, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. फक्त ही मोजदाद किती लिहिलं याची. काय लिहिलं ते तिच्यात येत नाही.

आता आपल्याकडचे विंदा करंदीकर घ्या, जन्म १९१८. म्हणजे बालकवी गेले त्याच वर्षी जन्मलेला कवी. (योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.) 'विरूपिका' १९८१ ची. 'अष्टदर्शने' आलं २००३ मध्ये, तेव्हा विंदा पंच्याऐंशीच्या घरात होते. मधल्या बावीस वर्षांकडे बघून कुणी म्हणालं असतं, झालं, संपलं. आणि आलं ते काय? देकार्त, स्पिनोझा, कान्ट, हेगेल यांच्यासारखे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आपला चार्वाक, तेही पद्यात! आम्हाला वाटतं, हे पुस्तक तिशीतल्या विंदांना लिहिता आलं नसतं. शब्दांवरची हुकमत तेव्हाही होतीच, पण या आठ जणांना मराठीत बोलतं करायला लागणारं वाचन आणि मुरणं तेव्हा कुठून आणणार? उलट, पंच्याऐंशीत त्यांनी तरुणपणातली प्रेमकविता नव्याने लिहिली असती का, याबद्दल आम्हाला शंकाच आहे.