आठवा सर्व्हर

मंगळवार, ३१ जुलै २०१२, दुपारी ४.००

न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला. नाइट कॅपिटल या कंपनीचा शेअर १०.३३ डॉलरवर थांबला. कंपनीचं मुख्यालय हडसन नदीच्या पश्चिमेला, जर्सी सिटीत. अमेरिकेत सूचीबद्ध शेअरांची जी काही उलाढाल होई, तिच्यातला साधारण दहा टक्के भाग या एका कंपनीच्या हातून जात असे. पुढचा बाजार उघडायला साडेसतरा तास होते.

बिघडायचं ते तोवर बिघडून झालं होतं. पण त्याची सुरुवात नऊ वर्षं आधीची आहे.

२००३

कंपनीकडे ‘स्मार्स’ नावाची एक प्रणाली होती. तिचं काम निरोप घेऊन निरोप पाठवण्याचं. समजा, ‘हजार शेअर घ्या’ अशी एक मूळ ऑर्डर आत आली. स्मार्स तिचे तुकडे करायची, समजा शंभर-शंभरचे, आणि या पोटऑर्डरी वेगवेगळ्या बाजारांत पाठवायची. तिकडून पोच यायची: इतके मिळाले. पोचांची बेरीज हजार झाली की त्या ऑर्डरीपुरतं काम संपलं, पाठवणं बंद.

ज्यांनी संदेशांच्या रांगा सांभाळल्या आहेत त्यांना हे नव्यानं सांगायला नको. निरोप रांगेत टाकणं हे सगळ्यात सोपं काम. जीव असतो तो पोच मोजण्यात. मोजणारा गेला, तर पाठवणाऱ्याला थांबायचं कधी हे कळत नाही.

स्मार्समध्ये ऑर्डरी पाठवण्याची ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. २००३ मध्ये कंपनीनं ती वापरणं बंद केलं. कोड मात्र काढला नाही. तो सर्व्हरवर राहिला आणि हाक मारली तर उठेल अशा अवस्थेत राहिला.

२००५

पोचांची बेरीज ठेवणारा भाग प्रोग्रामरांनी पॉवर पेगमधून काढून कोडच्या आधीच्या टप्प्यावर नेला. बदल केल्यावर पॉवर पेग नीट चालतो का, हे तपासलं गेलं नाही. वापरातच नसलेली गोष्ट कोण तपासणार?

त्या दिवसापासून पॉवर पेगला किती शेअर घेऊन झाले हे कळेनासं झालं. पुढची सात वर्षं तो कुणी चालवला नाही.

ऑक्टोबर २०११

आपत्कालीन व्यवस्थेची चाचणी कंपनीनं शनिवार-रविवारी घेतली. चाचणीची खोटी आकडेवारी सोमवारी बाजार उघडल्यावरही एका विभागात तशीच चालू राहिली आणि तिच्या आधारे खरे भाव जाहीर होत गेले. सुमारे ७५ लाख डॉलर गेले.

दुरुस्ती झाली ती त्या एका प्रणालीपुरती. चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढली. चुकीच्या ऑर्डरी बाजारात जाऊ नयेत म्हणून आपल्याकडे एकूणच काय बंदोबस्त आहे, हा प्रश्न कुणी हाती घेतला नाही. दहा महिने हातात होते.

जुलै २०१२

किरकोळ गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींसाठी न्यूयॉर्क शेअर बाजार एक नवी योजना १ ऑगस्टला सुरू करणार होता. नियामकांची मंजुरी जुलैच्या सुरुवातीला आली. त्या दिवसापासून भाग घ्यायचा तर स्मार्समध्ये नवा कोड हवा होता, आणि हातात होता जेमतेम महिना.

नवा कोड जुन्या पॉवर पेगच्या जागी बसायचा होता. ऑर्डर नव्या योजनेची आहे हे ओळखायला एक खूण लागते, ज्याला सॉफ्टवेअरवाले फ्लॅग म्हणतात. नवा फ्लॅग बनवला गेला नाही. पॉवर पेग सुरू करणारा जुनाच फ्लॅग नव्या कामाला घेतला.

पंख्याचं बटण दिव्याला जोडून द्यावं, तसं हे झालं. पंखा काढून टाकलेला असेल तर काहीच अडत नाही.

शुक्रवार, २७ जुलै

नवा कोड सर्व्हरांवर चढवायला सुरुवात झाली. स्मार्सचे सर्व्हर आठ. एका दिवसात सगळे नाहीत, रोज थोडे थोडे. सावधगिरीची रीत म्हणून हे योग्यच होतं.

एका तंत्रज्ञाकडून आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड कॉपी करायचा राहिला.

दुसऱ्या कुणी येऊन आठही सर्व्हर ताडून पाहिले नाहीत. पाहावेत असा लेखी नियमही नव्हता. या प्रकरणात बोट बहुतेक वेळा त्या तंत्रज्ञाकडे जातं. मला ते पटत नाही. आठ जागी हातानं करायचं काम एखाद्या जागी राहून जाणारच. ते राहिलं हे सांगायला दुसरी व्यक्ती ठेवणं हे कंपनीचं काम होतं. त्याला फार तर काही मिनिटं लागली असती.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. सात सर्व्हरांवर नवा कोड, आठव्यावर जुना.

बुधवार, १ ऑगस्ट, सकाळी ८.०१

मुंबईत तेव्हा संध्याकाळचे ५ वाजून ३१ मिनिटं झाली होती. न्यूयॉर्कचा बाजार उघडायला ८९ मिनिटं होती, पण बाजारापूर्वीच्या ऑर्डरी आत येऊ लागल्या होत्या. नाइट कॅपिटलच्या एका अंतर्गत प्रणालीनं आपोआप एक ईमेल धाडला. त्यात स्मार्सचा उल्लेख होता, आणि त्रुटीचं वर्णन तीन शब्दांचं: पॉवर पेग बंद.

नऊ वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या सोयीचं नाव, नवा कोड पहिल्यांदा चालायच्या दिवशी, बाजार उघडायच्या आधी. हे तीन शब्द वाचून एखाद्या जुन्या माणसानं एवढं जरी विचारलं असतं, की हे नाव आज कुठून आलं?

असे ईमेल तांत्रिक कारणांनी येतच असत. ते धोक्याचा इशारा म्हणून बनवलेले नव्हते आणि आल्या आल्या वाचायची पद्धत नव्हती.

सकाळी ८.०१ ते ९.३०

आणखी ईमेल आले. सरासरी मिनिटाला एकाहून थोडे जास्त. कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ते जात राहिले. बाजाराची घंटा होईपर्यंत आकडा ९७ झाला.

कंपनीचे प्रमुख थॉमस जॉइस त्या सकाळी ऑफिसात नव्हते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते घरी होते.

सकाळी ९.३०

बाजार उघडला. नव्या योजनेच्या ऑर्डरी फ्लॅग लावून आत आल्या आणि आठ सर्व्हरांत वाटल्या गेल्या. सात सर्व्हरांनी त्या बरोबर हाताळल्या.

आठव्यानं फ्लॅग पाहिला आणि पॉवर पेग जागा झाला. तो पोटऑर्डरी पाठवू लागला. बाजारातून पोच येत होती: मिळाले, मिळाले, मिळाले. मोजणारा भाग २००५ पासून तिथे नव्हता. मूळ ऑर्डर भरून गेली तरी पॉवर पेगच्या लेखी ती रिकामीच होती. तो पुढची पोटऑर्डर पाठवत राहिला.

पुढच्या ४५ मिनिटांची सरासरी काढली, तर सेकंदाला जवळपास १,५०० व्यवहार पडतात.

९.३० नंतर

बाजारात ते दिसू लागलं. विझार्ड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा शेअर आदल्या दिवशी ३.५० डॉलरवर बंद झाला होता. तो १४ डॉलरच्या वर गेला. कंपनीबद्दल कुठलीही बातमी नव्हती.

आत, नाइट कॅपिटलमध्ये, नको असलेले शेअर ‘३३’ क्रमांकाच्या खात्यात साचत होते. या खात्याची मर्यादा ठरलेली होती: २० लाख डॉलर. पण ती ओलांडली की ऑर्डरी थांबतील अशी कोणतीही कळ तिला जोडलेली नव्हती. जोखमीवर नजर ठेवायला ‘पीमॉन’ नावाचं साधन होतं. ते व्यवहार होऊन गेल्यावरचे आकडे दाखवी आणि ते पाहायला माणूस लागे. आकडा फुगला म्हणून ते स्वतःहून ओरडत नसे. उलाढाल वाढली की ते मागे पडे. त्या सकाळी ते मागे पडलं.

अशा वेळी कुणी काय करायचं, हे लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं थांबवा, मग शोधा, असं सांगणारा कागद नव्हता. तंत्रज्ञ बिघाड शोधत होते तेव्हा बाजार चालू होता आणि स्मार्सही चालू होती.

१०.१५ च्या आधी

एक निर्णय झाला. काल-परवा काय बदललं? नवा कोड. मग तो काढा.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात कुणीही आधी हेच करतो. गडबड झाली की मागच्या आवृत्तीवर जायचं. रोलबॅक हा शब्द तिथे श्वासासारखा आहे. त्या खोलीत मी असतो तर मीही हेच सुचवलं असतं.

सात सर्व्हरांवरून नवा कोड काढला गेला. हे सात बरोबर चालत होते. नवा कोड गेल्यावर त्यांच्यावर उरला जुना, पॉवर पेगसह. येणाऱ्या ऑर्डरींवरचा फ्लॅग मात्र कुणी काढला नव्हता.

आतापर्यंत एक सर्व्हर मोजणी न करता ऑर्डरी पाठवत होता. आता आठही तेच करू लागले.

सकाळी १०.१५ च्या सुमारास

थांबलं.

हिशेब असा. मूळ ऑर्डरी २१२. त्यांच्यापोटी लाखो पोटऑर्डरी बाहेर गेल्या. १५४ कंपन्यांच्या शेअरांत ४० लाख व्यवहार झाले, ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअरांचे. ८० कंपन्यांचे मिळून सुमारे ३५० कोटी डॉलरचे शेअर नाइट कॅपिटलच्या गळ्यात पडले, आणि ७४ कंपन्यांचे सुमारे ३१५ कोटी डॉलरचे शेअर तिनं जवळ नसताना विकून ठेवले. ३७ कंपन्यांच्या भावात १० टक्क्यांहून जास्त उलथापालथ झाली, आणि त्यांच्या उलाढालीतला निम्म्याहून अधिक भाग या एका कंपनीचा होता.

फक्त सहा कंपन्यांच्या शेअरांतले व्यवहार बाजारानं रद्द केले. बाकीचे पक्के. बराच मोठा बोजा गोल्डमन सॅक्सनं सवलतीच्या भावात उचलला. अखेरचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. मिनिटाला एक कोटीहून जास्त.

गुरुवार, २ ऑगस्ट, दुपारी ४.००

नाइट कॅपिटलचा शेअर २.५८ डॉलरवर बंद झाला. मंगळवारी याच वेळी तो १०.३३ होता.

सोमवार, ६ ऑगस्ट

काही गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन ४० कोटी डॉलर घातले. कंपनी वाचली, मालकीचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला. पुढच्या वर्षी जुलैत गेटको या कंपनीबरोबर तिचं विलीनीकरण झालं.

१६ ऑक्टोबर २०१३

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक आयोगानं १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. बाजाराशी थेट जोडलेल्या दलालांनी जोखमीला आवर घालणारी यंत्रणा ठेवावी, हा नियम नोव्हेंबर २०१० चा. त्याखालची ही पहिली कारवाई.

आयोगाच्या आदेशात त्या ९७ ईमेलांचीही नोंद आहे. ते इशारे म्हणून घडवलेले नव्हते, हे आदेशानं मान्य केलं आहे. ते आठव्या सर्व्हरवरच्या चुकीमुळेच निघाले होते आणि त्याच क्षणी पोचले होते, हेही त्यात लिहिलं आहे.