वीपील
माया स्त्रियांचा हातमागावर विणलेला, डोक्यातून घालायचा सैल अंगरखा. ग्वातेमालात व मेक्सिकोच्या चियापास राज्यात तो आजही वापरात आहे. मागाचे एक टोक खांबाला वा झाडाला, दुसरे विणकरणीच्या कमरेमागच्या पट्ट्याला बांधलेले. अंग मागेपुढे झुकवून ती ताणा सैल-घट्ट करते. नक्षी भरतकाम वाटते, पण ती जादा बाण्याने विणतानाच उठवलेली असते. याश्चिलान या प्राचीन माया नगरातील आठव्या शतकातील शिल्पपट्टावर (सध्या ब्रिटिश म्यूझियम, लंडन) राणी काबाल शोक हिच्या वस्त्रावरची शंकरपाळी नक्षी स्पष्ट ओळखू येते. सोहळ्याच्या वस्त्रांत सर्वांत लक्षवेधी चियापासमधील सिनाकांतान गावाचे विवाहवस्त्र: त्याच्या सुतात कोंबडीची पांढरी पिसे गुंफतात. चियापासच्या काही गावांत चर्चमधील संतांच्या मूर्तींवरही वीपील चढवतात.