एका भिंतीचा इतिहास

ज्यांची उमेदीची वर्षे सरकारी नोंदवह्यांत गेली, त्यांना हद्दीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कागदावर रेघ ओढली, तिला नाव दिले आणि शिक्का उमटला, की त्या रेघेच्या आतले सारे एकाच प्रतीचे, असे आपण मानून चालतो. जमीन मात्र तसे मानीत नाही. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या एका द्राक्षमळ्याची हकीकत वाचताना हे आमच्या प्रकर्षाने ध्यानी आले. मद्याचा आमचा परिचय केवळ पुस्तकी. तरीही ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

दिजों शहराच्या दक्षिणेस ‘कोत दोर’ नावाची टेकड्यांची एक चिंचोळी रांग आहे. तिचा उतार मुख्यतः पूर्वाभिमुख असल्याने वेलींना सकाळचे ऊन थेट मिळते, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाचा बराचसा मारा टेकड्याच आपल्या पाठीवर झेलतात. या रांगेच्या पूर्वेकडील सखल रानात, सीतो येथे, १०९८ साली काही ख्रिस्ती साधूंनी मठ स्थापिला. प्रार्थनेइतकेच अंगमेहनतीला मोल देणारा हा पंथ. बाराव्या शतकापासून दानाने व खरेदीने मिळालेले जमिनीचे तुकडे जोडीत त्यांनी वूजो गावाजवळ द्राक्षमळा उभारिला आणि १३३६ पर्यंत त्याभोवती दगडी भिंत पुरी केली. ‘क्लो’ म्हणजे कुंपणाने बंदिस्त केलेली जागा. म्हणून मळ्याचे नाव ‘क्लो द वूजो’. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या आसपास.

भिंत एक, पण आतली माती एक नाही. वरच्या अंगास चुनखडीच्या खडकावर खडेमिश्रित मातीचा पातळ थर आहे. तेथे पाणी ठरत नाही आणि वेलीला मुळे खोल धाडावी लागतात. मधल्या पट्ट्यात चिकणमातीचे प्रमाण वाढते. खाली रस्त्यालगत ती खोल व जड होते, निचरा मंदावतो, आणि थंड हवा उतारावरून ओघळून तेथे साचत असल्याने वसंतातील हिमाचे भयही तेथेच अधिक. द्राक्षाची जात सर्वत्र तीच, पिनो न्वार; तथापि वरच्या मद्यात सुगंध व नाजूकपणा, तर खालच्यात बहुधा जडपणा, असा अनुभव सांगितला जातो. वरचे मद्य पोपसाठी, मधले बिशपांसाठी आणि खालचे मठातल्या साधूंसाठी, अशी एक दंतकथाही प्रचलित आहे. ती खरी असो वा नसो. सारा मळा एका हाती होता तोवर एका भागाचे उणे दुसऱ्या भागाने भरून काढणे मालकास शक्य होते, एवढे निश्चित.

फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली आणि १७९१ मध्ये हा मळा विकला गेला. तरीही तो पुढे जवळजवळ शंभर वर्षे अखंडच राहिला. १८८९ मध्ये मात्र त्याचे तुकडे पडले. त्यापुढे खरेदीविक्रीने आणि सर्व अपत्यांना वाटा देणाऱ्या वारसा-कायद्याने ते अधिकच बारीक झाले. आज या एका भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. १९३७ मध्ये शासनाने प्रतवारी ठरविली, तेव्हा भिंतीच्या आतील संपूर्ण क्षेत्रास ‘ग्रां क्रू’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला. शेजारच्या व्होन गावी हा दर्जा उतारावरच थांबतो, तो रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. येथे मात्र भिंत खालवर गेली म्हणून दर्जाही खालवर गेला. म्हणजे साधूंच्या गवंड्यांनी आखलेली हद्द सहाशे वर्षांनी कायदा होऊन बसली! ज्या मठाच्या हाती हे सारे तुकडे एकत्र सांभाळले जात, तो गेला. त्याने मिळविलेले नाव तेवढे प्रत्येक तुकड्याच्या वाट्यास आले.

म्हणून जाणता गिऱ्हाईक येथे केवळ मळ्याच्या नावावर विसंबत नाही. वेली कोणत्या उंचीवर आहेत आणि त्यांची निगा कोण राखतो, हे तो विचारतो. कारण मातीचा निर्णयही अखेरचा नसतो. कोरड्या साली खालची चिकणमाती ओलावा धरून ठेवते, आणि दक्ष मळेवाला तेथूनही वरच्या आळशी शेजाऱ्यास लाजविणारे मद्य काढतो. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीतील अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षभूमींना जागतिक वारसा मानले. तो मान मातीचा आहे, तितकाच पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे बारकाईने पाहणाऱ्या माणसांचाही आहे.

आपणही बदलीच्या गावोगाव हद्दी लिहीत व तपासीत असतो. एखाद्या नोंदीपुढे ‘सर्व क्षेत्र एकाच प्रतीचे’ असे लिहिताना आमची लेखणी हल्ली क्षणभर थबकते, आणि शक्य असेल तर आम्ही ती जागा एकदा पायाखाली घालून येतो.