कर्ता कुठे गेला? व्हॉइस, इनडायरेक्ट स्पीच आणि कारखान्याच्या गेटवरची भाषा

आजचा विषय ज्यांनी आधी वाचला, त्यांना वाटलं असेल की हा गृहस्थ आता आपल्याकडून ‘चेंज द व्हॉइस’ करून घेणार. तसं करणार नाही. पण मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ते तीन प्रश्न अजून कुठेतरी पडून आहेत. व्हॉइस बदला. इनडायरेक्ट करा. आणि तिसरा, अर्थ न बदलता वाक्य बदला. हमखास मार्क देणारे प्रश्न. सूत्र पाठ असलं की झालं, वाक्य कळायचीही गरज नाही.

माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला या तिसऱ्या प्रश्नातले ‘अर्थ न बदलता’ हे शब्द नेहमी खटकत आले. अर्थ खरंच तोच राहतो का? आणि इंग्रजीत राहत असला, तरी मराठीतून इंग्रजीत जाताना राहतो का? पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात, जिथे हजारो माणसं मराठीत बोलतात आणि त्यांच्याबद्दलचे कागद इंग्रजीत तयार होतात, तिथे या प्रश्नावर कुणाची नोकरी अवलंबून असू शकते. तिथपर्यंत जाऊच, पण आधी हे प्रश्न आपल्याकडे आले कसे ते बघू.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि त्यात अवघे एकवीस जण पास झाले. रानडे आणि भांडारकर त्यांतलेच. तेव्हापासून इंग्रजी वाक्य सोडवता येणं ही आपल्याकडे शहाणपणाची एक कसोटी झाली. वाक्य ‘सोडवणं’ हा शब्दच बघा ना, जणू गाठ सोडवायची आहे. आपण समाजसुधारक म्हणून ज्यांना ओळखतो त्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ नावाचं पुस्तक लिहिलं. सुधारक माणसाला वाक्याचे भाग पाडत बसावंसं का वाटलं? मला त्यात आश्चर्य वाटत नाही. कोण कुणाबद्दल काय म्हणतंय, हे वाक्यात नीट वेगळं करता आलं नाही तर वाद घालताच येत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफिल्डची व्याकरणं आली आणि १९३५ मध्ये रेन आणि मार्टिन. यांतले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही परदेशी फौजेची गाजलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. ते शिक्षणखात्यात होते, कराचीला हेडमास्तर होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. त्यांच्या पुस्तकाची रीत अशी की इंग्रजी वाक्य घ्यायचं आणि त्याचं दुसरं इंग्रजी वाक्य करायचं. मुलाची स्वतःची भाषा त्यात कुठेच येत नाही.

याच्या उलट आपली तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. (हे तर्खडकर वेगळे, व्याकरणकार दादोबा नव्हेत.) तिला लोक जुनाट म्हणून हसतात. पण तिथे मुलगा मराठी वाक्यातून इंग्रजीत जातो आणि परत येतो, त्यामुळे कुठे दोन भाषा जुळत नाहीत ते त्याला बोटाला लागतं. माझं मत स्पष्ट आहे. परीक्षेसाठी रेन-मार्टिन चालेल, पण विचार शिकण्यासाठी तर्खडकर बरे. दुर्दैवाने प्रश्नपत्रिकेने रेन-मार्टिनची रीत उचलली.

आता जुळत नाही म्हणजे काय, ते बघा. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं. त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि संस्कृतची परंपराही. ‘प्रयोग’ ही कल्पना आपल्याला संस्कृतकडून मिळाली. कर्तरी, कर्मणी, भावे. यांची फोड कशी करायची यावर पंडितांचे पुष्कळ वाद झाले. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ते सविस्तर वाचायला मिळतात. आपल्याला एवढंच हवं की प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाच्या मागे जातं ते.

रवीने पंखा बंद केला. रवीने मोटर बंद केली. रवीने मशीन बंद केलं. इथे क्रियापद पंख्याच्या, मोटरच्या, मशीनच्या मागे गेलं, रवीच्या नाही. म्हणून हा कर्मणी प्रयोग. आता हेच इंग्रजीत म्हणा: रवी स्टॉप्ड द मशीन. हा ॲक्टिव्ह व्हॉइस. आणि वर्गात शिक्षक सांगतात, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी! मुलगा मराठीच्या तासाला याच वाक्याला कर्मणी म्हणून मार्क मिळवतो आणि इंग्रजीच्या तासाला त्याला ॲक्टिव्ह म्हणतो. त्याला वाटतं आपल्यालाच कळत नाही. खरं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं गेलंय. व्हॉइस म्हणजे वाक्यात पुढे कोण उभं राहतं ते, आणि प्रयोग म्हणजे क्रियापद कुणाचं ऐकतं ते.

मग मराठीत खरा पॅसिव्ह नाहीच का? होता. ज्ञानेश्वरी उघडा. ‘कीजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपं सापडतील, म्हणजे ‘केलं जातं’, ‘म्हटलं जातं’. ती रूपं मागे पडली, पण त्यांतली दोन आपल्या तोंडात रोज आहेत. ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप. भोसरीत शिफ्ट सुटताना कुणी ‘मला उद्या सुट्टी पाहिजे’ म्हणतो, तेव्हा तो सातशे वर्षांपूर्वीचा पॅसिव्ह वापरत असतो आणि त्याला कुणी त्याचे मार्क देत नाही. आळंदी तिथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आजचा ‘मारला गेला’, ‘करण्यात आले’ हा थाट मात्र वेगळा. शालेय व्याकरणात त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि इंग्रजी वाक्याच्या भाषांतराशी त्याचा संबंध जोडतात. सरकारी आणि कंपनीच्या मराठीत तो इंग्रजीच्या वळणानेच फोफावला. ‘कॅन्टीनची वेळ बदलण्यात आली आहे.’ कुणी बदलली? बोर्डावर लिहिलेलं नसतं. ‘बाय’ आणि पुढचं नाव गाळलं तरी चालतं, हे आपण मुलाला सवलत म्हणून शिकवतो. पुढे तो नोकरीला लागतो आणि त्या गाळलेल्या जागेत कोण बसलंय ते त्याला कळत नाही.

इनडायरेक्ट स्पीचची गोष्ट याहून गंमतीची. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते जवळजवळ जसंच्या तसं उचलतो. ‘तो म्हणाला मी येतो.’ यातला ‘मी’ म्हणजे सांगणारा नव्हे, हे लहान मुलालाही कळतं. उलट ‘तो म्हणाला की तो येतो’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, तो कोण? देहूच्या तुकोबांची ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा घ्या. कवी स्वतःचंच बोलणं दुसऱ्याचं असल्यासारखं सांगतो आणि पुढे सरळ डायरेक्ट बोलतो. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे ‘मी’चा ‘तो’ करायचा, ‘आज’चा ‘त्या दिवशी’ करायचा आणि काळ एक पायरी मागे न्यायचा. म्हणजे सांगणाऱ्याने मूळ बोलणाऱ्याच्या वतीने काही निर्णय घ्यायचे. सारा घोळ या निर्णयांत आहे.

आता कारखान्यात चला. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणला वाहनांचे मोठे कारखाने आले. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी, की १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात लिहिलं होतं की कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर गेटजवळच्या बोर्डावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचे. बघा, कायद्याने भाषांतर गेटवर आणून उभं केलं. पण नियम दोन भाषांत लावले, तरी माणसाचं बोलणं कुठल्या भाषेत आणि कसं लिहून घ्यायचं, हा प्रश्न उरतोच.

समजा, एका ऑपरेटरच्या हातून पार्ट खराब झाला. सुपरवायझरने विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडून पार्ट खराब झाला.’ मराठीत ‘माझ्याकडून झाला’ म्हणजे झालं, पण मी मुद्दाम केलं नाही. ‘मी कप फोडला’ आणि ‘माझ्याकडून कप फुटला’ यांतला फरक घरातल्या पोरालाही ठाऊक असतो, म्हणून ते नेहमी दुसरंच वाक्य बोलतं! आता ते कागदावर इंग्रजीत उतरलं: द पार्ट वॉज स्पॉइल्ड बाय मी. व्याकरण चोख. पण ‘बाय मी’मध्ये ती अनवधानाची छटा नाही. उरते ती नुसती कबुली. आणि आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून जे मोजलं आहे, ते मालकाच्या मालमत्तेचं ‘विलफुल’ नुकसान, म्हणजे हेतुपुरस्सर केलेलं. तो हेतू नव्हता, हे माणूस मराठीत बोलून गेला होता. भाषांतरात ते गळलं.

दुसरं उदाहरण. लाइन बदलली, एकाला सांगितलं की आज त्या मशीनवर उभा राहा. तो म्हणाला, ‘मी ते मशीन चालवत नाही.’ म्हणजे मला त्याची सवय नाही, ट्रेनिंग नाही. शब्द जरा हलवले आणि ‘मी नाही चालवत’ म्हटलं, तर तो नकार. दोन शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो. आता याचं इनडायरेक्ट करा. पहिल्याचं होईल ‘ही सेड दॅट ही डिड नॉट ऑपरेट दॅट मशीन’. दुसऱ्याचं ‘ही सेड दॅट ही वुड नॉट ऑपरेट दॅट मशीन’. लिहिणाऱ्याने ‘डिड नॉट’ लिहायचं की ‘वुड नॉट’, हे त्याच्या हातात. आणि घाईत बहुतेक वेळा तिसरंच लिहिलं जातं: ‘ही रिफ्यूज्ड’. तिथून आज्ञाभंगाची चार्जशीट एका कागदावर असते.

फ्रेग नावाचा जर्मन तर्कशास्त्रज्ञ होता. त्याने १८९२ च्या एका निबंधात याच कोड्यात हात घातला. तो म्हणतो, दुसऱ्याचं म्हणणं सांगताना शब्द नेहमीच्या वस्तूकडे बोट दाखवत नाहीत, ते त्या शब्दांच्या नेहमीच्या अर्थाकडे बोट दाखवतात. सोपं करून सांगतो. कामगार म्हणाला, ‘निळ्या शर्टवाल्याला रांगेत यायला सांगा.’ तो निळा शर्टवाला नेमका प्लांट हेड निघाला. आता तुम्ही रिपोर्टात लिहिलंत की ‘कामगाराने प्लांट हेडला रांगेत यायला सांगितलं’. माणूस एकच, वाक्य मात्र खोटं. कारण कामगाराला ते ठाऊकच नव्हतं. ‘अर्थ न बदलता’ वाक्य बदलणं किती अवघड, ते इथे कळतं.

मी आज इथे कंपनीच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. चौकशी अधिकाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. तोही याच पद्धतीने शिकलेला असतो. त्यालाही शाळेत सांगितलेलं असतं की ‘सेड’ आलं की काळ मागे न्यायचा. काय गमावतोय ते विचारायला कुणी शिकवलेलं नसतं.

२००० साली पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय राज्यात झाला, तो शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या काळात. ते याच भागातले, खेडचे खासदारही होते. चिंचवडचं नाट्यगृह त्यांच्या नावाने आहे. त्या निर्णयावर तेव्हा बरीच टीका झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. कामगाराच्या मुलाला इंग्रजी उशिरा देण्यात कुणाचं भलं होतं? पण इंग्रजी लवकर आली तरी हे प्रश्न आले ते जुन्याच साच्यात. आजही एमपीएससीच्या क्लासमध्ये मुलं ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’ असा तक्ता घोकतात.

म्हणून शिक्षकांना मी एवढंच सुचवीन की हे प्रश्न काढू नका, पण मराठी वाक्यापासून सुरू करा. ‘माझ्याकडून पार्ट खराब झाला’ हे फळ्यावर लिहा आणि मुलांना इंग्रजीत करायला सांगा. कुणी ‘बाय मी’ लिहील, कुणी ‘इन माय हँड्स’ लिहील, कुणी ‘आय डिडन्ट मीन टू’ जोडेल. मग विचारा, यांतलं कोणतं वाक्य तुम्ही सही करून द्याल? ‘मी चालवत नाही’चंही तसंच करा. आणि एक नोटीस आणा, ‘करण्यात आले आहे’वाली. मुलांना म्हणा, यात कर्ता घाला. जिथे कर्ता सापडत नाही तिथे रिकामी जागा ठेवा आणि खाली लिहा, हे कुणाला विचारायचं.