एका पंक्तीची शाळा

सप्टेंबर महिना लागला की रयत शिक्षण संस्थेच्या माध्यमिक विद्यालयांस कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीचे वेध लागतात. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर, १८८७ चा. १९१९ साली त्यांनी काले येथे संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राबत, स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवीत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने वेचले. १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलाने हीच स्वावलंबनाची रीत चालविली.

ज्ञातिबांधवहो, ज्ञातीच्या वसतिगृहांचे ऋण आपणांवर मोठे आहे. परंतु जयंतीच्या मिरवणुकीत मुले धाडताना, आपल्या घरच्या पंक्तीत कोणाकोणाची पाने मांडली जातात, हेही प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.