चुकीचा जोड बसूच नये म्हणून

तीन पिनांचा एखादा प्लग वर्गात न्यावा आणि मुलांना विचारावे, की यातली एक पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब का? थोड्या चर्चेनंतर उत्तर मिळते. ती अर्थिंगची पिन. लांब असल्याने ती आधी जोडली जाते आणि जाड असल्याने दुसऱ्या भोकात शिरत नाही. प्लग वापरणाऱ्याला विजेचे शास्त्र ठाऊक असायलाच हवे असे नाही, कारण ते प्लगच्या आकारातच घालून ठेवले आहे. अशाच एका आकाराची, मोटारीच्या एसीतल्या बोटाएवढ्या जोडाची हकिगत आम्ही या लेखात सांगणार आहोत.

एसीच्या बंद नळ्यांमधून एक शीतक फिरत असते. ते एका जागी बाष्प होऊन गाडीच्या आतली उष्णता शोषते आणि दुसऱ्या जागी पुन्हा द्रव होऊन ती बाहेर टाकते. या नळ्यांवर दोन लहान तोंडे असतात, एक कमी दाबाच्या बाजूला आणि दुसरे जास्त दाबाच्या बाजूला. मेकॅनिक दाब मोजतो, शीतक काढतो किंवा भरतो, ते या तोंडांमधूनच. आत टायरच्या ट्यूबला असतो तसाच छोटा व्हॉल्व्ह असतो.

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. हे सगळे वायू विषारी आहेत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी आणि न पेटणारे शीतक शोधून काढले. ते होते डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन, म्हणजेच ‘आर-१२’. १९३० साली मिजलीने भर सभेत त्याची वाफ श्वासाबरोबर आत घेतली आणि ती सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. पुढे मोटारींच्या एसीतही हेच शीतक आले आणि तिथे कित्येक दशके राहिले. एकच शीतक असल्याने भरण्याच्या तोंडांना साधे आटे पुरत. अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत तर दोन्ही तोंडे एकाच मापाची होती.

आर-१२ चा टिकाऊपणाच पुढे त्याचा दोष ठरला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले, की असे क्लोरोफ्लुओरोकार्बन (सीएफसी) खालच्या हवेत विघटित न होता स्थितांबरापर्यंत पोचतात. तिथे अतिनील किरणांनी त्यांच्यातला क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचे रेणू मोडत राहतो. क्लोरीनचा एकच अणू हजारो रेणू मोडू शकतो, कारण त्या क्रियेत तो स्वतः संपत नाही. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

करार झाला, पण रस्त्यावर धावणाऱ्या कोट्यवधी गाड्यांचे काय? १९९० नंतरच्या काही वर्षांत नव्या मोटारींत ‘आर-१३४ए’ आले. त्यात क्लोरीन नाही. अमेरिकेत आर-१२ चे उत्पादन १९९५ अखेर थांबले. साठा आटत गेला, भाव चढले आणि चोरटी आयातही झाली. जुन्या गाडीच्या मालकापुढे तेव्हा एक मार्ग होता, तो म्हणजे गाडी नव्या शीतकावर आणण्याचा.

इथेच त्या छोट्या जोडाचे महत्त्व लक्षात येते. ही दोन शीतके एकमेकांत मिसळून चालत नाहीत. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये नीट विरघळत नाही, त्यामुळे ते काँप्रेसरकडे परतत नाही आणि काँप्रेसर कोरडा पडतो. त्याहून मोठी अडचण गॅरेजमधली आहे. जुने शीतक हवेत न सोडता यंत्राने ओढून, शुद्ध करून पुन्हा वापरायचे असते. एका गाडीतले मिश्रण यंत्रात शिरले, तर टाकीतला सगळा साठा बिघडतो आणि तोच पुढच्या गाड्यांत जातो. शीतक रंगहीन, त्यामुळे डोळ्यांनी काहीच कळत नाही.

म्हणून जोडच बदलले. आर-१३४ए साठी आट्यांऐवजी दाबताच खटकन बसणारे जोड ठरवण्यात आले. कमी दाबाच्या बाजूचा १३ मिलिमीटर व्यासाचा, जास्त दाबाच्या बाजूचा १६ मिलिमीटरचा. जुनी नळी नव्या तोंडावर बसत नाही आणि दोन बाजूंची अदलाबदलही होत नाही. जुनी गाडी बदलताना आधी आर-१२ पूर्ण काढून घ्यायचे, योग्य ते तेल घालायचे आणि जुन्या आट्यांवर नवा ॲडाप्टर चढवायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची अट अशी, की हा ॲडाप्टर पक्का बसवावा, म्हणजे तो सहज काढता येऊ नये, आणि आत कोणते शीतक आहे त्याची नवी चिठ्ठी गाडीत लावावी. कारण उघड आहे. ॲडाप्टर काढता आला, तर खाली जुने आटे तसेच आहेत आणि पुढचा मेकॅनिक त्यांच्यावर विश्वास ठेवून आर-१२ ची नळी लावणार! अर्थात, जाणूनबुजून केलेली लबाडी असा जोड रोखू शकत नाही. तो रोखतो ती घाईतली, नकळत होणारी चूक.

भारत १९९२ मध्ये माँट्रियल करारात सामील झाला आणि विकसनशील देशांसाठी सीएफसी बंद करण्याची मुदत २०१० ची होती. करार पाळला गेल्याची फळे आता दिसू लागली आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल, अशी अपेक्षा आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसले, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात ते कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवते. म्हणून युरोपने २०१७ पासून नव्या मोटारींत ते बंद केले. त्याच्या जागी ‘आर-१२३४वायएफ’ आले आणि त्याचे जोडही पुन्हा वेगळे ठेवावे लागले.

सभांमध्ये ठरलेली गोष्ट मेकॅनिकच्या हातापर्यंत पोचते ती अशा वस्तूंमधून. प्लगपासून सुरू झालेला तास संपवताना मुलांना एक काम द्यावे. चूक होऊच नये म्हणून मुद्दाम वेगळे आकार दिलेल्या पाच वस्तू घरातून शोधून आणायच्या, आणि प्रत्येक वस्तू नेमकी कोणती चूक टाळते ते लिहायचे.